सातव्या वळणावरची जाळी

ओव्हरसियर रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण रस्त्यांनी काही त्यांना रिटायर केलं नव्हतं. कुठं खड्डा दिसला की थांबून छत्रीच्या टोकानं खोली बघणार, कुठं गटार तुंबलं की ऑफिसात फोन करणार, आणि तिकडचे लोक बिचारे 'हो साहेब, हो साहेब' म्हणत फोन खाली ठेवणार. एकतीस वर्षं त्या भागातले रस्ते त्यांच्या हाताखालून गेलेले. तेव्हा पोहणं, सायकल आणि पळणं अशा लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनवाल्यांना माहितीपुस्तिका लिहायला माणूस हवा होता, तर ते दुसऱ्या कोणाचं दार ठोठावणार?

पुस्तिका सोळा पानांची झाली. पोहण्याची ओव्हरसियरनी अर्ध्या पानावर बोळवण केली, कारण तलाव म्हणजे काही रस्ता नव्हे. बाकी सगळी पानं सायकलची आणि पळण्याची. सायकलचे एकशे ऐंशी किलोमीटर, नव्वदच्या दोन फेऱ्या. आधी चाळीस किलोमीटर सपाट, वारा समोरून, उगाच जोर दाखवू नये. मग घाट, आणि वरून खाली नऊ वळणं, दर वळणाला एक परिच्छेद. त्यानंतर कालव्याच्या कडेनं पळायचे बेचाळीस किलोमीटर, चार फेऱ्या. सावली फक्त पंपहाउसपाशी, दुपारचं ऊन पाण्यावरून उलटं तोंडावर येतं, तिसऱ्या फेरीत रडू येईल, ते येऊ द्यावं. हे रडण्याचं वाक्य त्यांच्या लेकीनं घालायला लावलं होतं. ओव्हरसियरच्या पेनातून असलं काही उतरायचं नाही.

लेक म्हणजे एकुलती एक. दातांची डॉक्टर, स्वतः एका मुलीची आई, आणि अडतिसाव्या वर्षी डोक्यात या स्पर्धेचं खूळ शिरलेलं. आईनं वर्षभर तोंडाचा पट्टा सुरू ठेवला. हाडं मोडून घ्यायची एवढीच हौस असेल तर जिन्यावरून पड म्हणाली, निदान घराजवळ पडशील. ओव्हरसियर काही बोलायचे नाहीत. पण खरं सांगायचं तर त्या माणसाच्या जिवाला घोर लागला होता. चढाची भीती नव्हती, चढताना कोणी मरत नाही. भीती उताराची, आणि त्यातही सातव्या वळणाची. तिथं डोंगरातून बारा महिने पाणी झिरपतं, रस्त्याच्या डाव्या कडेला पसरतं, आणि नेमकं तिथंच सायकल आडवी कलते. ओल्यावर चाक सरकलं तर पुढं नुसती दरी.

म्हणून त्यांनी एक काम केलं. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी घाटात नवं डांबर पडत होतं, तेव्हा जीपमधून वर गेले आणि सातव्या वळणावर उभे राहिले. डाव्या कडेच्या गटारावर लोखंडी जाळी होती. तिच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या होत्या आणि उतारावरचं पाणी त्यांच्यावरून उड्या मारत पुढं पळत होतं. त्यांनी कामगारांकडून जाळी उचलून घेतली, फिरवली आणि पट्ट्या उभ्या केल्या, रस्ता जातो त्याच दिशेनं. मग पाणी कसं गपकन आत जाऊ लागलं! संध्याकाळपर्यंत वळण ठणठणीत कोरडं. ओव्हरसियर इतके खूश झाले की त्यांनी कामगारांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. घरी येऊन पुस्तिकेत लिहिलं: 'सातव्या वळणावर डावी कड धरावी. तिथं नवं डांबर आहे, पाणी साचत नाही. ब्रेक लावायची गरज नाही.'

स्पर्धेच्या दिवशी त्यांना काम मिळालं पंपहाउसपाशी, पळणाऱ्यांना पाणी द्यायच्या टेबलावर. पळणारे यायचे दुपारी एकनंतर, पण साहेब साडेआठलाच हजर. जावई तलावाकाठी होता. त्याचा फोन आला: ती पाण्याबाहेर आली, हसत होती, आठ पस्तीसला सायकलवर बसली. ओव्हरसियरनी घड्याळ बघून हिशेब मांडला. तिच्या वेगानं सातवं वळण साडेदहाच्या आसपास. मग ते ग्लास रचायला लागले.

दहाला दहा मिनिटं कमी असताना शाळेतल्या एक बाई मदतीला आल्या. सायकलवरून आल्या, बारीक चाकांची शर्यतीची सायकल, मुलाची उसनी आणलेली. पंपहाउसच्या कोपऱ्यावर गटारावर दोन फरश्या टाकल्या होत्या, मध्ये दोन बोटांची फट. बाईंचं पुढचं चाक अलगद त्या फटीत गेलं, सायकल जागच्या जागी थांबली, आणि बाई पुढं जाऊन धपकन पळणाऱ्यांसाठी भिजवलेल्या स्पंजांच्या टबात बसल्या. सगळे हसले. बाई सगळ्यांत जास्त हसल्या. ओव्हरसियरही हसत हसत सायकल काढायला गेले. चाक निघेना. हातानं हिसका देऊन ते वर ओढलं तेव्हा त्यांनी त्या फटीकडं पाहिलं, चाकाकडं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

दोन बोटं. जाळीच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर तेवढंच.

आयुष्यभर या माणसानं जाळीकडं पाण्याच्या बाजूनं पाहिलं होतं. पाणी किती जाईल, पाला किती अडकेल, ट्रकचं वजन पेलेल का. स्वतः सायकलवर कधी बसले नाहीत, आणि जीपच्या रुंद टायरला पट्ट्या आडव्या काय, उभ्या काय! पट्ट्या आडव्या का ठेवतात हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं, आणि त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांना कोण सांगणार? बाई चालण्याच्या वेगानं आल्या होत्या. घाटात लोक साठच्या वेगानं उतरतात. आणि त्यांना नेमकं त्या कडेला पाठवायचं काम पुस्तिकेनं चोख केलेलं.

त्यांनी स्पर्धेच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथली मुलगी ओळखीची होती, गोड बोलायची. सातव्या वळणावर तातडीनं एक माणूस उभा करा, ते म्हणाले. तिनं विचारलं, कशाला काका, काय झालंय? आणि इथं ओव्हरसियर अडले. जाळी मी फिरवली, माझं चुकलं, एवढी पाच शब्दांची गोष्ट. पण एकतीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी गेलेच नव्हते, ते ऐन वेळी कुठून येणार?

"काही नाही, जाळी जरा बघायला हवी," ते म्हणाले.

ती म्हणाली, काका, स्पर्धेसाठी रस्ता तुम्हीच तर पास केलाय. पुढचे पंधरा-वीस जण तिथून गेलेसुद्धा, कोणाची तक्रार नाही. चौथ्या वळणावरचा माणूस मोकळा झाला की पाठवते. ओव्हरसियर 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण पुन्हा फोन काही लावला नाही.

बाईंची बहीणही मदतीला आली होती, तिची स्कूटर उभी होती. किल्ली मागून घेतली, कारण सांगितलं नाही. घाटाचा रस्ता गाड्यांना बंद होता, पण दगडाच्या खाणीतून एक कच्ची वाट सातव्या वळणाच्या वरच निघते, हे ओव्हरसियरशिवाय कोणाला माहीत? त्या वाटेनं स्कूटर अशी उडत होती की हाडं खिळखिळी झाली. तोंडानं एकच चाललं होतं, साडेदहा, साडेदहा. मध्येच वाटायचं, आज तिचे पाय जोरात असतील तर? ती लवकर आली तर?  लहानपणी ती पहिल्यांदा सायकल शिकली तेव्हा मागून धरायला आईच धावली होती, ते साइटवर होते. पहिला दात पडला तेव्हाही साइटवर. एक हेच काम त्यांनी तिच्यासाठी हातानं केलं होतं, आणि ते हे असं.

खाणीच्या तोंडाशी स्कूटर टाकून ते उतरणीवरून धावत रस्त्यावर आले. दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

वळणावर एक सायकल उभी होती. कोणी धरलेली नाही, टेकवलेली नाही, आपली आपण उभी. पुढचं चाक आसापर्यंत जाळीत गेलं होतं. तिच्यापासून दहा पावलांवर रस्त्यात एक बाई पडलेली, तोंड पलीकडं, डोक्यावर निळं हेल्मेट.

लेकीचं हेल्मेट निळं होतं.

 ती दहा पावलं ओव्हरसियर कसे चालले ते त्यांना कधीच सांगता आलं नसतं. जवळ गेले, गुडघ्यांवर बसले, वाकून तोंड पाहिलं. दुसरीच होती. कोणी अनोळखी, लेकीच्याच वयाची, ओठ फुटलेला, डोळे उघडे.

आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. तिचं रक्त डोळ्यांसमोर डांबरावर ठिबकतंय आणि आत आनंदाची उकळी फुटतेय, माझी नाही, माझी नाही! पुढच्याच क्षणी स्वतःची अशी शिसारी आली की मान वर होईना.

त्यांनी कंट्रोलला फोन करून ॲम्ब्युलन्स मागवली. मग सायकल उपसून दरीच्या बाजूला ठेवली आणि जाळी उचलायला गेले. जाळी कसली हलतेय, ती उचलायला पहार आणि दोन माणसं लागतात. तेवढ्यात वरून चाकांचा घूंऽ असा आवाज आला. दुसरं काही सुचलं नाही. अंगातलं स्वयंसेवकाचं नारिंगी जाकीट काढून हातात घेतलं आणि जाळीवर जाऊन उभे राहिले.

पहिला सायकलवाला वळला तो डावी कड धरूनच. समोर म्हातारा बघून त्यानं सायकल झटक्यात उजवीकडं काढली. वाऱ्याचा फटकारा ओव्हरसियरच्या कानाला लागला, मागोमाग एक इरसाल शिवी. दुसराही डावीकडूनच, तिसराही. पुस्तिका सगळ्यांनी मन लावून वाचली होती! दर वेळी वाटायचं, हा काही चुकवत नाही. पण ते जागचे हलले नाहीत.

पडलेली बाई मागून बोलत होती. उजव्या हाताची बोटं हलत नाहीत म्हणाली. मग विचारलं, पळायचा रस्ता सपाट आहे ना? सायकलची मला धास्तीच होती, पण पळण्यात मी सगळं भरून काढणार होते. ओव्हरसियर मान न वळवता 'सपाट आहे' म्हणाले. बोलत राहा, डोळे मिटू नका, असं दोनदा सांगितलं.

दहा एकोणचाळीसला लेक आली. निळं हेल्मेट, मान खाली, आणि अगदी डाव्या कडेला चिकटून. बापानं लिहिलेलं तिनं इतरांपेक्षा जरा जास्तच पाळलं होतं. ओव्हरसियरनी जाकीट जिवाच्या आकांतानं हलवलं. तिनं मान वर केली. ब्रेक किंचाळले, मागचं चाक एकदा डावीकडं गेलं, एकदा उजवीकडं, आणि सायकल त्यांच्यापासून हातभर अंतरावरून निघून गेली.

"बाबा?" एवढंच ऐकू आलं. ती आठव्या वळणाआड दिसेनाशी झाली.

ते रडत होते, पण वरून आणखी सायकली येत होत्या, म्हणून डोळेही पुसता येईनात.

मागून त्या बाईनं विचारलं, माझ्या वडिलांना फोन लावाल? ते तिकडं पळण्याच्या रस्त्यावर येऊन उभे असतील, ॲम्ब्युलन्स बघून घाबरतील. तिनं एक एक करून आकडे सांगितले. ओव्हरसियरनी एका हातानं जाकीट हलवत दुसऱ्या हातानं नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला. मागं कालव्यावरचा लाऊडस्पीकर ऐकू येत होता.

ओव्हरसियरनी सांगितलं की तुमची मुलगी घाटात पडली आहे, शुद्धीवर आहे, हाताला लागलंय, ॲम्ब्युलन्स निघाली आहे.  पलीकडचा माणूस म्हणाला, "अशी कशी पडली? तिनं पुस्तिका पाठ केली होती हो. वळण न् वळण पाठ केलं होतं. तुम्ही कोण?"

"ती पुस्तिका मी लिहिली," ओव्हरसियर म्हणाले. "ज्या जाळीत तिचं चाक अडकलं तीही मीच फिरवून घेतली. आणि पाऊण तासापूर्वी हे मला कळलं होतं. मी फोनवर खरं बोललो असतो तर इथं माणूस उभा राहिला असता. मी बोललो नाही."

पलीकडून नुसता लाऊडस्पीकर ऐकू येत राहिला, फोन बंद झाला नाही. ओव्हरसियर तो कानाला तसाच धरून जाळीवर उभे राहिले. वरून अजून सायकली येत होत्या.