थेंबभर काकवी

मित्रांनो, मी एक जुना रिफ्रॅक्टोमीटर आहे. नाव घेताना जीभ अडखळली ना? हरकत नाही. कोल्हापूरच्या ज्या कॉलेजात माझं आयुष्य गेलं, तिथले प्रयोगशाळेचे शिपाई गुंडूमामा मला सरळ 'दुर्बीण' म्हणतात आणि मला त्याचा कधी राग आला नाही. दिसायला मी आहेच तसा. वीतभर लांब, एका टोकाला डोळा लावायची जागा, दुसऱ्या टोकाला तिरपी काच आणि त्या काचेवर पापणीसारखं झाकण. काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचं आणि मला उजेडाकडे धरायचं. आत वर निळं आणि खाली पांढरं दिसतं. दोन्ही रंग जिथे भेटतात, तिथला आकडा म्हणजे त्या रसातली गोडी. उसाचा रस असो, आंब्याचा असो की पेरूचा जॅम असो, माझ्यापुढे कुणाची मखलाशी चालत नाही. मी आकडा सांगतो आणि गप्प बसतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी माझी काच घासली, उजेडापुढे धरून पुन्हा पुन्हा तपासली आणि मगच मला मखमलीच्या पेटीत निजवलं. नव्वदच्या सुमारास इथल्या कॉलेजात अन्नशास्त्राची पदवी सुरू झाली आणि मी कोल्हापूरला आलो. विभागात तेव्हा होतं काय? गॅसच्या शेगड्या, एक तराजू, बाटल्यांना झाकणं बसवायचं हातयंत्र आणि मी. माने सरांनी पहिल्याच तासाला मला हातात घेतलं आणि म्हणाले, "जिभेवर फार विश्वास ठेवू नका. जीभ माणसाच्या आवडीनं चालते. हा नुसत्या थेंबावर चालतो." त्या दिवशी मला छाती असती, तर ती फुगून पेटीचं झाकण उघडलं असतं.

कॉलेजबाहेर मात्र या शिक्षणाला कुणी विचारत नव्हतं. इंजिनिअर म्हटलं की लोक मान डोलवायचे, अन्नशास्त्र म्हटलं की हसायचे. हे मी सर्वांत जास्त ऐकलं ते संघप्रिया कांबळेच्या तोंडून. ही मुरगूडची मुलगी. तिचे वडील कृष्णात, तिचे आण्णा, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. भावकीतली माणसं त्यांना टोचायची, "डी.एड.ला घातली असतीस तर आत्तापतूर मास्तरीण झाली असती की. सैपाक शिकायला कालेज लागतंय व्हय?" कृष्णात म्हणायचे, "सैपाक न्हाय, अन्नाचं शास्त्र हाय त्ये." पण त्यापुढे काय सांगायचं, ते त्यांनाही सुचत नसे.

म्हणून संघप्रियाने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला काकवी घेतली. गूळ होण्याआधी उसाचा रस आटून जो दाट, सोनेरी पाक होतो, ती काकवी. आपल्या भागात ती खावी ती गुऱ्हाळं चालू असताना. उन्हाळा आला की गुऱ्हाळं थंड होतात आणि साठवलेली काकवी फसफसते. तिला ती काकवी कसलंही रसायन न घालता बाटलीत टिकवायची होती. वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीला, त्यांच्या गल्लीत खीर होते. ती खीर आपल्या काकवीची व्हावी आणि बाटली आण्णांच्या हातात द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. "मग आण्णांना काही सांगावंच लागणार न्हाय," असं ती प्रोजेक्टमधल्या आपल्या जोडीदाराला, शिरोळच्या तेजस्वी नावाच्या मुलाला म्हणाली, तेव्हा मी टेबलावरच होतो.

दिवाळीनंतर आम्ही तेजस्वीच्या चुलत्याच्या, केरबाकाकांच्या गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या कढईत, रस रटरटत होता, खाली चुलाणात रस काढून वाळवलेली उसाची चिपाडं धडधडत होती. केरबाकाकांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यातनं चंद्र दिसतोय काय रं?"

"काका, गोडी दिसते. सदुसष्टच्या वर गेली की काकवी टिकते," संघप्रिया म्हणाली.

"बघा की मग. पर एक हाय, गुऱ्हाळावर आलेल्या पावण्यानं काकवीचा थेंब वाया घालवायचा न्हाय. लक्ष्मी हाय ती."

आणि इथेच घोटाळा झाला. चमच्यात काकवी निववायची, थेंब माझ्या काचेवर ठेवायचा, आकडा पाहायचा, हे सारं बरोबर चाललं होतं. पण आकडा पाहून झाला की पुढचं काम होतं मला कोमट पाण्याने धुण्याचं. ते न करता तेजस्वीने काचेवरून बोट फिरवलं आणि चाटलं. पुढच्या खेपेला संघप्रियानेही तेच केलं. थेंब वाया कसा घालवायचा? तीन वर्षं अन्नशास्त्र शिकलेली ही पोरं, पण गुऱ्हाळावर गेली आणि पुन्हा गावची पोरं झाली. बोटाने पुसलेली काच स्वच्छ दिसते, पण नसते. चुलाणाच्या धगीने माझ्यावर जुन्या काकवीचा चिकट पापुद्रा वाळत गेला. मला तोंड असतं तर मी कोकलून सांगितलं असतं. काहिलीतली काकवी अजून पातळ होती, पण माझ्या काचेवरची दाट होती आणि मी काचेवर जे असेल तेच सांगतो. सदुसष्ट दिसले. काकवी उतरवली. बाटल्या भरल्या.

शिवरात्रीच्या सुमारास प्रयोगशाळेच्या कपाटात फटाका वाजावा तसा आवाज झाला. गुंडूमामांनी दार उघडलं, तर झाकणं उडालेली आणि फेस खालच्या फळीवर ठिबकतोय. आंबूस वास खोलीभर पसरला. "बाई," ते संघप्रियाला म्हणाले, "कपाटात दारूची भट्टी लावलीया काय?" सगळी हसली. ती एकटी हसली नाही.

माने सरांनी विचारलं, "गोडी किती होती?"

"सदुसष्ट, सर. दोघांनी पाहिली."

"मग फसफसली कशी?"

तेजस्वी पटकन म्हणाला, "सर, यंत्रच म्हातारं झालंय."

मित्रांनो, आयुष्यात मला एवढं कधी लागलं नव्हतं. मी म्हातारा असेन, पण खोटारडा? मला पेटीत घालून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ढकललं गेलं. सरांनी बजावलं, "हंगाम संपत आलाय. काकवी सोडा आणि पुस्तकं वाचून एखादा निबंध लिहून द्या. पास तरी व्हाल." संघप्रियाला नुसतं पास व्हायचं नव्हतं. आण्णांच्या हातात निबंध देऊन काय होणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनेच माझी पेटी बाहेर काढली. काचेवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकला. पाण्याला कुठली गोडी? शून्य दिसायला हवं होतं. मी शून्य दाखवलं नाही.

"बघ, चळलाय," तेजस्वी म्हणाला.

संघप्रियाने माझं झाकण उघडलं आणि काचेला अलगद बोट लावलं. बोट चिकटलं. ती स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली. उठून तिने कोमट पाणी आणलं, मला धुतलं, आपल्या पिशवीतल्या एका मऊ कापडाने पुसलं आणि पुन्हा पाण्याचा थेंब टाकला. शून्य! अगदी रेघेवर.

"तेजस्व्या, हे खोटं बोललंच न्हाय. आपण काच धुतलीच न्हाय. मागच्या थेंबाची गोडी ह्याच्या अंगावर ठेवली आणि नव्या थेंबाची विचारत बसलो."

तो ओशाळला. मी मात्र सुखावलो, हे कशाला लपवू?

सरांनी एक संधी दिली. केरबाकाकांनी हंगामातली शेवटची काहील आमच्यासाठी ठेवली. या वेळी संघप्रिया प्रत्येक थेंबानंतर मला धुऊन पुसत होती. काका कळवळले, "पोरी, लक्ष्मी पाण्यात घालवतीस की गं!" ती म्हणाली, "काका, थेंब जाऊ दे. बाटली राहू दे." काका हसले आणि काकवीची वाटी भरून तिच्यापुढे सरकवली. "मग चाटायची ती ही चाट. दुर्बीण सोड."

उन्हाळ्यात बाहेरगावचे परीक्षक आले. त्यांनी बाटली उघडली. फेस नाही, आंबूस वास नाही. एक थेंब माझ्यावर ठेवला आणि माझा आकडा बाटलीवरच्या आकड्याशी ताडून पाहिला. तंतोतंत जुळला. त्यांनी चमच्याने चव घेतली आणि थोड्या वेळाने पुन्हा चमचा बुडवला. संघप्रिया विभागात पहिली आली.

वैशाख पौर्णिमा झाली आणि ती खिरीचा डबा घेऊन सरांकडे आली. सोबत कृष्णात होते, इस्त्रीचा सदरा घातलेले, दाराशीच घुटमळणारे. "गल्लीला खीर पुरली न्हाय सर," ते म्हणाले, "आता कुणी इचारत न्हाय पोरगी काय शिकली म्हणून. पुढल्या साली किती बाटल्या करणार, म्हणून इचारत्यात."

संघप्रियाने काचेवर काकवीचा थेंब ठेवून मला त्यांच्या हातात दिलं. इंजिनांत मुरलेले त्यांचे खरखरीत हात, पण मला त्यांनी फुलासारखं धरलं. त्यांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग झाकण उघडून काचेवरच्या थेंबाकडे त्यांचं बोट आपोआप निघालं.

"आण्णा! चाटायचं न्हाय!"

सगळे हसले. तिने कोमट पाणी आणि ते मऊ कापड पुढे केलं. कृष्णात कापडाकडे बघतच राहिले. "ही तर आईच्या लुगड्याची चिंधी."

"आज्जीनंच फाडून दिली. म्हणाली, काचेला मऊ लागतंय."

त्यांची आई तानूबाई. जन्मभर लोकांच्या गुऱ्हाळावर चिपाडं वाळवलेली बाई. कृष्णातांनी त्या कापडाने मला हळू, अगदी हळू पुसलं. "आईला सांगतो," ते म्हणाले, "तुझं लुगडं कालेजात शिकवाय लागलंय म्हणून." डोळे पुसायला मात्र त्यांनी सदऱ्याची बाही वापरली, ते कापड नाही.

मित्रांनो, याला आता बरीच वर्षं झाली. विभागात आकडे उजळणारी नवी यंत्रं आली. त्यांचा सेल संपला की माझी आठवण होते, एरवी मी कपाटात असतो. संघप्रिया एका मोठ्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. तरी दर वर्षी नव्या मुलांच्या हाती पहिल्यांदा मलाच देतात आणि गुंडूमामा दारातून ओरडतात, "चाटू नगासा रं!" तुमच्याकडे असं एखादं जुनं यंत्र असेल आणि ते चुकतंय असं वाटलं, तर त्याला नावं ठेवण्याआधी एकदा स्वच्छ करून पाहा. आणि पुसाल तेव्हा मऊ कापडाने पुसा. माझ्या पेटीतली मखमल केव्हाच झिजून गेली. आता मी तानूबाईंच्या लुगड्यावर निजतो.