बरोबर न्यायचे जाकीट

पॅरिसच्या एका वेशभूषा-विद्यालयाची अभ्यास-सहल दर वसंतात आमच्या भागात येत असे. मुली पोंलाबे गावात उतरत, संग्रहालयात काचेमागचे पोशाख पाहत, आणि मग ज्या घरांत जुने कपडे अजून पेटीत होते त्या घरांची दारे ठोठावत. मी ब्रेस्टच्या तंत्रशाळेत आरेखन शिकलो आणि नोकरीभर बोटींचे आराखडे काढले. निवृत्तीनंतर त्या विद्यालयाच्या शिक्षिका मादाम देल्वो मला या सहलीच्या कामाला बोलावू लागल्या. कपडा टेबलावर पसरायचा, तुकडे कुठे जोडले आहेत ते शोधायचे आणि मापांसह कागदावर उतरवायचे. बोट आणि जाकीट यांत आराखड्याच्या दृष्टीने फार अंतर नाही. दोन्हींत सपाट वस्तूला पोट आणायचे असते.

त्या वर्षी मी त्यांना माझ्या चुलतबहिणीकडे, कोरांतीनकडे नेले. ती ऐंशीच्या घरात होती. मोतीबिंदूने डोळे जवळजवळ गेलेले. हिवाळ्यात पडली तेव्हापासून खाटेवरच होती. तरीही रोज सकाळी लेसची उंच टोपी डोक्यावर बांधल्याशिवाय ती कोणाला खोलीत येऊ देत नसे. तरुणपणी सार्डिन मासळी आटली, कारखाने बंद पडले, त्या वर्षांत तिने आकड्याच्या सुईने लेस विणून घर चालवले होते. त्यामुळे डोळे गेल्याचे तिला विशेष दुःख नव्हते. "बोटं आहेत ना," असे ती म्हणे.

तिच्या पेटीत तिचे लग्नाचे जाकीट होते. काळी लोकर, आणि छाती-पाठीवर नारिंगी-पिवळ्या रेशमाचे असे दाट भरतकाम की खालचे कापड शोधावे लागे. आमच्याकडे हे जाकीट लग्नात घालतात, मग मोठ्या सणांना, आणि शेवटी त्यातच पुरतात. कोरांतीनच्या वयाच्या सगळ्या बायका आपापले जाकीट घालून गेल्या होत्या. तिचे तेवढे जायचे राहिले होते.

मुली खाटेभोवती उभ्या राहिल्या. कोरांतीनने जाकीट मांडीवर पसरले.

"या गं पोरींनो, जवळ या. हात धुतलेत का? लोण्याचं बोट लावलंत तर बोटच ठेवून घेईन."

"केवढं जुनं आहे, आजी?" मादाम देल्वोंनी विचारले.

"माझ्या लग्नाएवढं. नवरा गेला, हे राहिलं. दोघांत हेच जास्त मजबूत शिवलेलं होतं." मुली हसल्या. तिने जवळच्या मुलीचा हात ओढून जाकिटाच्या डाव्या छातीवर, रेशमाने भरलेल्या मोरपिसाच्या डोळ्यावर दाबला. "लागलं काही?"

"काहीतरी टोचतंय," ती मुलगी म्हणाली. तिचे नाव एदविज. सगळ्यांत तिचाच हात हलका होता.

"शिंप्याच्या सुईचं टोक. लग्नाच्या आदल्या दिवशी भरता भरता मोडलं आणि आतच राहिलं. काढायचं तर अख्खं पीस उसवावं लागलं असतं. म्हटलं, राहू दे. लग्नात दिवसभर टोचत होतं. सगळं गाव प्यालेलं, मी एकटीच शुद्धीवर!"

मादाम देल्वोंनी जाकीट काही दिवस अभ्यासाला मागितले.

"छे! हे माझ्याबरोबर जायचंय. मी कधी जाते त्याची वाट बघत बसलात तरी मिळायचं नाही."

"मग सुनेला, नातींना काय राहील?"

"सून?" कोरांतीनने दाराकडे तोंड वळवले. तिची सून आर्लेत कॉफी आणि लोण्याचा केक घेऊन तिथेच उभी होती. "ही नांतची. शहरातली. हिच्या खांद्यांना हे वजन पेलायचं नाही. लग्नात हिने खोक्यातून आलेला झगा घातला होता. आहे का गं अजून तो?"

"आहे, आई," आर्लेत म्हणाली आणि कप ठेवू लागली.

ती गोष्ट गावात सर्वांना ठाऊक होती. लग्नापूर्वी आर्लेतने हेच जाकीट एका दिवसापुरते घालायला मागितले होते. नवऱ्याच्या गावात परकी दिसू नये, एवढीच तिची इच्छा. कोरांतीनने नकार दिला. आर्लेत दुकानातल्या पांढऱ्या झग्यात चर्चच्या पायऱ्या चढली तेव्हा सासूने सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "बिल जपून ठेवलंस ना गं? माप चुकलं तर परत करता येईल." वरात हसली. नवरामुलगाही हसला. पुढे कित्येक वर्षे आर्लेत धक्क्यावर मासळी निवडायला गेली की कोणीतरी विचारायचेच, "काय आर्लेत, बिल आहे ना?" कोरांतीन पडल्यापासून तिचे अंग पुसणे, टोपी बांधणे, भांडे देणे, सगळे आर्लेतच करीत होती. तिच्या हातून कधी काही चुकल्याचे मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चर्चच्या सभागृहात आमचे काम चालू असताना, आर्लेत चादरीत गुंडाळलेले जाकीट घेऊन आली.

मी विचारले, "तिला विचारलंस?"

"झोपल्यात त्या, काका. झोपलेल्या माणसाला काय विचारायचं?"

मादाम देल्वोंनी रविवारच्या आत परत करण्याचे कबूल केले. मी आराखडा काढला. तो पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मागची बाजू हवी. टाका कुठून निघतो, कुठे बांधला आहे, ते उलट बाजूनेच कळतं. अस्तर उसवावं लागेल."

"बाहेरून दिसतं तेवढं मी काढून दिलंय," मी म्हणालो. "आत पातं घालू नका."

"मस्यो, बोट किनाऱ्यावरून पाहून तुम्ही इंजिनाचा आराखडा काढून दाखवाल का?" मग आर्लेतकडे वळून त्यांनी विचारले, "घरच्या तुम्ही आहात. तुम्ही सांगा."

"उसवा," आर्लेत म्हणाली.

पाते एदविजच्या हाती दिले गेले. तिने अस्तर सफाईने सोडवले. पण जुना काळा रंग लोकर आतून खात असतो. ते कापड अस्तर आणि भरतकाम यांच्यामध्ये धरून ठेवले होते म्हणूनच कापड होते. अस्तर निघताच खांद्याच्या घडीवर ते तुटले, मग काखेत, मग पाठीच्या मध्यावर. एदविजने हात मागे घेतले. मादाम देल्वो वाकून पाहत राहिल्या.

"थांबलीस का? आता हे जोडून जाकीट व्हायचं नाही. नमुना म्हणून मात्र असा दुसरा मिळणार नाही. चालू दे."

संध्याकाळपर्यंत टेबलावर जाकिटाचे तुकडे ओळीने मांडले होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. एदविज माझ्याकडे आली. तिचे डोळे लाल झाले होते. तिच्या तळहातावर सुईचे टोक होते. "याला चिठ्ठी नको म्हणाल्या मादाम. टाकवत नाही मला." मी ते माझ्या कंपासपेटीत ठेवले.

मुलींनी संग्रहालयातल्या एका जाकिटावरून वर्षभरात सरावाची नक्कल शिवली होती. ती त्यांनी बरोबर आणली होती. रंग तोच, मोरपीसही तेच. मादाम देल्वोंनी ती आर्लेतला दिली. "आजींना दिसत नाही म्हणता ना? मग हरकत नाही." बस सकाळी निघून गेली.

रविवारी प्रार्थनेनंतर मी नेहमीप्रमाणे कोरांतीनकडे सफरचंदाचे सायडर प्यायला गेलो. रविवारी जाकीट मांडीवर घेऊन बसायचा तिचा नेम होता. आर्लेतने ती नक्कल आणून तिच्या मांडीवर ठेवली.

कोरांतीनची बोटे गळ्यापासून खाली आली आणि थांबली. परत वर गेली.

"हे काय आणलंस?"

"तुमचं जाकीट, आई."

"माझं? मग वजन कुठं गेलं याचं?"

"वजन तेवढंच आहे. तुमच्या हातातला जोर गेला."

कोरांतीनने डाव्या छातीवरचे मोरपीस चाचपले, मग दाबले, मग नखाने कुरतडले. "सुई कुठाय?"

"एवढी वर्षं झाली. समुद्राची हवा. गंजून गेली असेल."

"परवा-परवा होती! त्या पोरीला लागली."

"त्या पोरीने तुमचं मन राखलं. म्हाताऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?" आर्लेतचा आवाज अगदी शांत होता. खाटेची चादर ती नीट खोचत होती. "काल दुधाचा वाडगा मांडीवर उपडा केलात, ते तरी कळलं का? भिजल्यावर मला हाक मारलीत. डोळे गेले तेव्हा मान्य केलंत ना? आता बोटं गेली. तेही मान्य करा."

कोरांतीनने अंगठा बोटांच्या टोकांवर एकेक करून घासून पाहिला. मग चादरीचा काठ चाचपला, खाटेचे लाकूड, स्वतःचा गाल. तिला इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते, नवरा बुडाल्याची बातमी आली त्या दिवशीही नाही.

"माझी बोटं गेली?" तिने हळूच विचारले. "फान्श, आहेस ना रे? तू लोखंडाचं शिकलायस. सुई अशी गंजून नाहीशी होते?"

"होते," मी म्हणालो. "पण डाग मागे राहतो."

"मग डाग आहे का बघ."

आर्लेतने माझ्याकडे पाहिले. "आहे म्हणा, काका. सुखाने जाऊ द्या त्यांना."

"मी बहिरी नाही झाले अजून," कोरांतीन म्हणाली. "फान्श, डाग आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "कापड नवं आहे."

मी कंपासपेटी उघडून सुईचे टोक तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते चिमटीत धरले, फिरवले, ओठांना लावले. तिची बोटे शाबूत होती. आता तिला ते कळले, आणि बाकीचेही कळले.

"कुठाय माझं जाकीट?"

आर्लेत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "बरं झालं. मलाही हे सोंग जड जात होतं. उसवलं त्यांनी. मीच सांगितलं उसवायला. तुकडे पॅरिसला गेले. भिंतीवर टांगतील, खाली पाटी लावतील. तुमचं नाव नसेल त्यावर. मी सांगितलं नाही."

"परत आण."

"काय आणू? चुरा?"

"रने आला की त्याला सांगते."

"सांगा की. तुमचा लेक आयर्लंडच्या समुद्रात आहे, येईपर्यंत दम धरा. आणि आल्यावर तो काय करणार? चर्चच्या दारात काय केलं होतं त्याने? हसला होता."

कोरांतीनने नक्कल गोळा करून आवाजाच्या दिशेने भिरकावली. "हे घाल तू! खोक्यातल्या बाईला उसनं शोभतं!"

आर्लेतने ती जमिनीवरून उचलली, झटकली आणि घडी घातली. "मला नको, आई. माझा झगा आहे मला."

दुसऱ्या सकाळी कोरांतीनने टोपी बांधू दिली नाही. मी गेलो तेव्हा ती उघड्या डोक्याने भिंतीकडे तोंड करून पडली होती. पिकलेल्या केसांची बारीक वेणी उशीवर होती. मी लहानपणापासून तिला ओळखत होतो, पण तिचे केस तोवर पाहिले नव्हते. उजवी मूठ मिटलेली होती. जेवण भरवायला आर्लेत चमचा पुढे करी आणि ती तोंड मिटून घेई. आर्लेत कधी आवाज चढवीत नसे. चमचा वाडग्यात ठेवून ती शांतपणे म्हणे, "जशी तुमची मर्जी." रनेची बोट परतण्याआधीच कोरांतीन गेली.

अंग धुऊन कपडे घालायला शेजारच्या बायका आल्या होत्या. आर्लेतने त्यांना स्वयंपाकघरातच थांबवले, दार लावून घेतले आणि सगळे एकटीने केले. मग दार उघडले.

कोरांतीनला तिने दुकानातला पांढरा झगा घातला होता, नांतहून खोक्यातून आलेला तोच. पाठीवर उभा फाडून बाजू खाली खोचल्या होत्या, म्हणून समोरून तो बरोबर बसला होता. बाह्यांना कृत्रिम रेशमाच्या झालरी. डोक्यावर उंच टोपी मात्र नेहमीसारखी, खळ घालून कडक केलेली, जराही तिरकी नाही.

बायका एकेक करून आत आल्या. त्यांनी पवित्र पाण्यात बुडवलेली डहाळी प्रेतावर झटकली आणि खाली पाहत बाहेर गेल्या. सगळ्यांत शेवटी शेजारची म्हातारी थांबली. तिलाही नीट दिसत नव्हते.

"जाकीट नाही घातलं होय गं? हे कुठलं?"

"दुकानातलं," आर्लेत म्हणाली. "बिल आहे माझ्याकडे. पण आता परत घेणार नाहीत."

म्हातारी गेली. खोलीत आम्ही दोघेच उरलो. जपमाळ हातात द्यायची राहिली होती. डावा हात सैल होता, उजव्याची मूठ आवळलेली.

"राहू दे," मी म्हणालो. "मुठीवरूनच गुंडाळ."

आर्लेतने ऐकले नाही. खाटेच्या कडेवर बसून तिने सासूची बोटे एकेक करून उघडली, करंगळीपासून. शेवटी अंगठा उरला, तोही वाकवला. सुईचे टोक तळव्यात रुतलेले होते. तिने ते नखाने काढले, चुलीपाशी जाऊन राखेत टाकले आणि हात पुसले.

"लोखंड आहे, काका," ती म्हणाली. "गंजेल, आणि पांढऱ्या कापडाला डाग पडेल."