बदलायची राहिलेली केबल

मित्रांनो, मी एका छोट्या मोटारबोटीच्या गिअरची जुनी केबल आहे. आता माझे दोन तुकडे झाले आहेत आणि मी शेडच्या कोपऱ्यात, गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात पडून आहे.

दिसायला मी साधीच. आत पोलादी तार, वर काळे प्लॅस्टिकचे वेष्टण. चालकाने दांडी पुढे ढकलली की मी बोट पुढच्या गिअरमध्ये घालायचे, मागे ओढली की मागच्या. माझी जोडीदारीण, म्हणजे दुसरी केबल, त्याच दांडीला बांधलेली होती. ती इंजिनाचा वेग सांभाळायची: दांडी पुढे असो की मागे, जितकी लांब जाई तितका वेग वाढवायची.

बोट दोन भावांची. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसे न्यायची. थोरला चालवत होता तेव्हा माझे दिवस सुखाचे होते. दर महिन्याला तो माझी टोके पुसायचा, ग्रीस लावायचा, वेष्टणावरून बोटे फिरवून कुठे चीर पडली आहे का ते बघायचा. बोट धक्क्याला इतकी अलगद लागे की मांडीवरच्या बाळाची झोपही मोडत नसे. माणसे त्याची तारीफ करायची आणि मी आतल्या आत फुलून यायचे.

पुढे थोरल्याची नजर अधू झाली. बोट धाकट्याकडे आली आणि थोरला धक्क्यावर दोर धरायला उभा राहू लागला. धाकटा मनाने वाईट नव्हता, पण चालढकल हा त्याचा स्वभाव. वळणावर घासून माझे वेष्टण फाटले. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असे तुम्ही गमतीने म्हणता. माझ्यात ते खरोखरच मुरत होते, तेही खारे. तार गंजली. दांडी जड झाली. धाकटा ती दोन्ही हातांनी ओढू लागला.

एकदा मिस्त्री इंजिन बघायला आला. त्याने दांडी हलवून पाहिली आणि म्हणाला, “हिला आता तेल पाजून काही होणार नाही. दोन्ही केबल बदलून टाक.” पुढच्या सुट्टीला बदलतो, असे धाकट्याने सांगितले. दोन सुट्ट्या गेल्या.

मग एका सकाळी धक्क्यावरून थोरल्याने विचारले, “केबल बदललीस ना रे?”

दांडीवर हात ठेवून धाकटा म्हणाला, “हो, बदलली.”

थोरल्याने विश्वास ठेवला. बघून खात्री करावी, एवढी नजर त्याला राहिली नव्हती.

आठ दिवसांनी भरतीच्या वेळी बोट धक्क्याला येत होती. थोरला सर्वांत खालच्या पायरीवर उभा होता. वेग आवरायला धाकट्याने दांडी मागे ओढली आणि मी आतून तुटले. दांडी मागे गेली, गिअर पुढचाच राहिला. जोडीदारणीने मात्र हुकूम पाळला. तो जितकी दांडी मागे ओढी, तितका वेग वाढे. बोटीने पुढे उसळी घेतली. थोरल्याचा पाय दगड आणि बोट यांच्यामध्ये सापडला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दीड महिन्याने तो कुबड्यांवर शेडमध्ये आला. मिस्त्रीने माझे तुकडे त्याच्या हातात दिले. त्याने ते डोळ्यांजवळ नेले नाहीत, नुसते चाचपले. फाटक्या वेष्टणापाशी त्याचे बोट थांबले. बोटाला गंज लागला.

“ही तर जुनीच आहे,” तो म्हणाला.

धाकटा दारात उभा होता. “दादा, मी...”

“मी तुला विचारलं होतं.”

त्यानंतर थोरला शेडमध्ये कधी आला नाही. दोघांचे बोलणे थांबले. धाकट्याने नव्या केबल बसवल्या आहेत. रोज येऊन तो त्यांना ग्रीस लावतो, दांडी पुढेमागे करून बघतो आणि घरी जातो. बोट पाण्यात गेलेली नाही.

मित्रांनो, दांडी जड होणे ही आमची एकुलती एक हाक. ती ऐकू आली तर त्याच दिवशी हात लावा. आणि काम राहिलेच असेल, तर विचारणाऱ्याला ‘नाही झालं’ असे सांगा. तेवढे थोरल्याच्या कानावर आले असते, तर तो त्या पायरीवर उभा राहिला नसता.