कडप्याचा नारळ

भांडुपच्या देवेशने आईचा मोबाइल चोरून तपासला आणि त्याला जराही लाज वाटली नाही. आईच्या भल्यासाठी म्हटलं की माणसाला काहीही करता येतं!

त्याची आई प्रेमाताई पाडव्याला महिला मंडळाबरोबर आंध्रात देवदर्शनाला गेल्या होत्या. कडप्याला त्यांनी व्यंकटेशाचं देऊळ पाहिलं, मग दर्गाही पाहिला. परतल्यापासून रोज संध्याकाळी त्यांना कुणा हुसेनबीचा फोन येई. देवेशला तिचा फोटो सापडला. बुरख्यातली ती बाई देवळाच्या पायरीवर आईच्या ओटीत नारळ घालत होती. देवळात हिचं काय काम? आपली बहीण दीप्ती बाळंतपणाला माहेरी आलीय, त्याची चौकशी हिला कशाला? एक शंका दुसरीला बोलावू लागली. त्याने गुपचूप नंबर ब्लॉक केला आणि देव्हाऱ्यातला तो नारळ पोटमाळ्यावर टाकला.

प्रेमाताई रोज संध्याकाळी फोनकडे बघत बसू लागल्या. शेवटी देवेशने नंबर ब्लॉक केल्याचं सांगून टाकलं, वर म्हणाला, "तुला काय कळतं गं? गोड बोलूनच घरात घुसतात."

प्रेमाताईंना फार लागलं. कडप्याचे कितीतरी मुसलमान व्यंकटेशाला जावई मानतात, त्याची बायको बीबी नांचारी ही आपली लेक म्हणतात आणि पाडव्याला जावयाकडे जावं तसे देवळात येतात, असं त्यांनी समजावलं. हुसेनबीची सून बाळंतपणात गेली होती. म्हणून दीप्तीचं कळताच तिने स्वतःचा नारळ देऊन टाकला, जावईदेव आपला शब्द मोडायचा नाही, असं म्हणाली. देवेश म्हणाला, अशा गोष्टी कुणीही रचून सांगेल, आणि ब्लॉक काढायला तयार झाला नाही; प्रेमाताईंना स्वतःला ते जमत नव्हतं.

एका सकाळी दीप्तीला कळा सुरू झाल्या. निघण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं म्हणून वडिलांनी, धोंडूंनी, नारळ मागितला. घरात दुसरा नव्हता आणि दुकानं अजून बंद होती. देवेशने पोटमाळ्यावर चढून तोच नारळ काढून दिला.

धोंडूंनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" देवेश सवयीने म्हणाला.

"बा वेशीवरच्या पीरा म्हाराजा! लेकीची सुखरूप सुटका कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" म्हटलं आणि देवेश चपापला. "बाबा, ह्यात पीर कधीपासून?"

"माझ्या आज्याच्या आधीपासून. तू ल्हानपणापासून होय म्हणतंस. गावाचो राखणदार आसा तो. राखणदाराकच चोर म्हणतलंस?"

कोकणातल्या त्या गाऱ्हाण्याला देवेश वर्षानुवर्षं होकार देत आला होता, त्यातलं एकही नाव न ऐकता.

दुपारी दीप्तीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. दवाखान्याच्या जिन्यात देवेशने आईच्या मोबाइलवरचा तो नंबर मोकळा केला आणि स्वतःच लावला. पलीकडून घाबरा आवाज आला, "दीप्ती ठीक है ना? फोन लगताइच नहीं था. मैं तो समझी, मेरी बहू जैसा..."

आपण नंबर ब्लॉक केला तेव्हा कुणाच्या जिवाला घोर लावला, हे देवेशला आत्ता कळलं.

"लडकी हुई, खाला," तो म्हणाला. "नंबर मैंनेच बंद किया था. माफ करना."

मंडळी, संशय घ्यायला अक्कल लागत नाही, ऐकून घ्यायला लागते. दुसऱ्याचा देव आपल्या गाऱ्हाण्यात पूर्वीपासून आहे. 'होय म्हाराजा' म्हणताना जरा कान उघडे ठेवा.