अळणी भाजी

"वहिनी, मीठ टाकलं का यात?" सुदामनं घास मोडण्याआधी विचारलं.

"न्हाई," धुरपताबाई म्हणाली. टाकलं होतं, रोजच्यापेक्षा दोन चिमटी जास्तच. सुदामची बायको सखुबाई माहेरी कुरुंद्याला गेली होती, म्हणून धाकटा दीर आज तिच्या ओट्यावर जेवत होता.

आत बाजेवर तिचा नवरा भिवाजी पडून होता. दोन वर्षांपूर्वी खळ्यावर चहा पिताना त्याच्या हातातून कप गळाला, तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, असं लोक म्हणाले. कबुतराचं रक्त चोळण्यात दोन दिवस गेले, तेव्हा कुठं नांदेड गाठलं. डॉक्टर म्हणाले, प्रेशर आधीपासून वाढलेलं होतं. तोंड वाकडं दिसताच आणायला हवं होतं.

त्या धसक्यानं सुदामनं प्रेशर तपासलं. त्याचंही वाढलेलं निघालं. त्यानं तंबाखू सोडली, मीठ कमी केलं, रोजची गोळी सुरू केली. सकाळी तो खांद्यावर कुदळ टाकून रानाकडं निघाला की धुरपताबाईला बघवत नसे. माझा पडला म्हणून हा शहाणा झाला, असं तिच्या मनात येई.

सुदामनं घास घेतला, थांबला, आणि भाजीची वाटी बाजूला सरकवली.

"माझा राग हाय का वहिनी?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "तुमी चालता भाऊजी. ते मला दिसतं."

सुदाम कोरडी भाकर चावत राहिला. "मी बी पडलो तर दादाला न्हाणीपर्यंत कोण नेईल?" मग तो म्हणाला, "दादाची गोळी काहून बंद केली? दवाखान्यातल्या नीता सिस्टर इचारून राहिल्या."

"आता जायचं काय ऱ्हायलं त्यांचं?"

"दुसरा झटका येतो म्हणल्या. बोलतात तेवढं बी जाईल."

आतून भिवाजीनं हाक मारली. "धुरपे" म्हणताना त्याला अजूनही 'र' जमत नसे.

ती उठली. कोनाड्यातली पुडी झटकून एक गोळी काढली, नवऱ्याला भिंतीशी टेकवून बसवलं आणि ती त्याच्या चांगल्या बाजूच्या गालात ठेवली. पाणी दुसऱ्या बाजूनं ओघळलं. तिनं पदरानं पुसलं, पेला पुन्हा ओठाला लावला आणि गळ्याची घाटी हलेपर्यंत तसाच धरून ठेवला.