बारीक धारेची झारी

मित्रांनो, झारीतल्या शुक्राचार्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ते तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडलं, म्हणून आजही कामात खोडा घालणाऱ्याला त्यांचं नाव मिळतं. त्या वेळी झारीला काय वाटलं, हे मात्र कुणीच विचारलं नाही. म्हणून आज मीच बोलते. सोलापुरातल्या गुरुबसप्पांच्या घरची मी एक जुनी पितळी झारी. पोट गोल, मान आखूड आणि तोटी लांब, निमुळती. दिसायला मी बरी आहे, हे मला ठाऊक आहे.

एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा अजून माझ्या पोटावर दिसतात. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत बसव्वांनी मला उचललं. गुरुबसप्पांशी त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. गुरुबसप्पा म्हणाले, "एवढ्याशा धारेनं काय व्हतंय? तांब्या घे की." बसव्वांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला पदराखाली धरून घरी आणलं. जेवून उठलेल्या पाहुण्यांच्या हातावर पाणी घालावं, मोगऱ्याला पाणी द्यावं, असं माझं काम होतं. बसव्वा मला चिंचेनं घासून उन्हात पालथी घालत. तेव्हा मी अशी चमकायची, की स्टीलच्या भांड्यांनी तोंड लपवावं!

पुढे बसव्वांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना गिळणं अवघड झालं. पेल्यानं पाणी दिलं की ठसका लागे, चमच्यानं दिलं की गळ्यावर सांडे. तेव्हा गुरुबसप्पांना माझी बारीक धार आठवली. पहिल्या दिवशी त्यांनी घाई केली आणि बसव्वांचा जीव कासावीस झाला. जड जिभेनं त्या एवढंच म्हणाल्या, "मेल्लग." कानडीत मेल्लग म्हणजे हळू. त्या दिवसापासून गुरुबसप्पा आधी नुसती जीभ भिजवत आणि थांबत. गळा हलला की मग पुढचा घोट देत. प्रत्येक घोटानंतर खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं त्यांच्या ओठांचा कोपरा टिपत. एकेकाळी मला नावं ठेवणाऱ्या माणसाच्याच हातात मी सकाळ-संध्याकाळ असे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

बसव्वांनी शेवटचा घोटही माझ्याच तोटीतून घेतला. त्यानंतर गुरुबसप्पांनी मला चादरीच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. माझं काय चुकलं, ते मला कळेना. एका कुंभारमाशीनं माझ्या तोटीत मातीचं घर केलं, तरी मी गप्प राहिले. यंदा दिवाळीआधी सूनबाई महेश्वरी खाली कुणाला तरी म्हणाल्या, "माळ्यावरची पितळं मोडीत घालून टाकू." मोडीची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाटलं ते असं, की मी जाण्याआधी गुरुबसप्पांनी एकदा तरी मला हातात घ्यावं.

तेवढ्यात बंगळुरूहून काव्या आली. ही महेश्वरींची मुलगी. आता ती इथंच घरी बसून कंपनीचं काम करते. तिनं येताना चिनी मातीचं एक पांढरं नरसाळं, कागदाच्या गाळण्या आणि कॉफीची पूड आणली होती. नरसाळ्यात कागद बसवायचा, त्यात पूड घालायची आणि वरून गरम पाणी सोडायचं, अशी तिची रीत. पण तांब्यातून पाणी भदाभदा पडे आणि खाली फिकट काहीतरी उतरे. महेश्वरी म्हणाल्या, "काय गं हे? शिकेकाईचं पाणी हाय का?"

काव्याला मी आठवले. लहानपणी ती माझ्याशी खेळली होती. बसव्वांच्या आजारपणात मात्र ती वसतिगृहात होती, त्यामुळे पुढचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिनं मला खाली काढलं, चिंचेनं घासलं, पाणी भरलं. धार येईना! तिनं केरसुणीची काडी तोटीत घातली, तेव्हा भसकन माती पडली. मी पुन्हा श्वास घेतला.

तिनं माझ्यात गरम पाणी भरलं, कान फडक्यानं धरला आणि मला पालथं करावं तसं ओतलं. कॉफीच्या वासानं गुरुबसप्पा स्वयंपाकघराच्या दारात आले. मला पाहून ते तिथंच थबकले.

"ती झारी कुटनं काढलीस?"

"मामा, तिला ठाऊक न्हाय," महेश्वरी सासऱ्यांना घाईनं म्हणाल्या. मग त्या काव्याकडे वळल्या. "अगं, तुझ्या आज्जीला अज्जा ह्यातनंच पाणी पाजायचे."

काव्याचा चेहरा उतरला. "अज्जा, मला खरंच माहीत नव्हतं. परत ठेवून देते."

गुरुबसप्पांनी हात पुढे केला. आता पुन्हा माळा, नाहीतर मोड, असं मला वाटलं. त्यांनी मला घेतलं. हात पूर्वीपेक्षा कापरा होता. मग ते त्या नरसाळ्यात डोकावले.

"असं ओतत न्हाईत. ठसका लागतो."

"अज्जा, कॉफीला कसला ठसका?"

"बघ की. सगळं कडंनं वाहून गेलं."

काव्यानं नवा कागद बसवला, नवी पूड घातली. गुरुबसप्पांनी मला जरासं कलतं केलं. पूड नुसती भिजली आणि ते थांबले. पूड हळूच फुगली, तिच्यावर बुडबुडे आले. एखाद्याचा गळा हलण्याची वाट पाहावी, तसे ते वाट पाहत होते. मग बारीक धार सोडली. पुन्हा थांबले.

"मेल्लग," ते म्हणाले.

पेल्यात काळीभोर कॉफी उतरली. गुरुबसप्पांनी मला खाली ठेवलं आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकानं नरसाळ्याच्या काठाचा कोपरा टिपला. महेश्वरींनी तोंड ओट्याकडे फिरवलं. माझ्या पोटात अजून थोडं पाणी होतं, ते हललं.

मग त्यांनी एक घोट घेतला. "लई कडू हाय," म्हणाले, आणि गूळ मागितला. तरी पेला रिकामा केला.

आता रोज सकाळी मला त्यांच्या हाती देतात. हात फार कापला, तर काव्या खालून आपला हात लावते. मोडीचं नाव कुणी काढत नाही. मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला खाली काढा. त्याच्यात माती साचली असेल, तर एक काडी पुरते. ज्याच्या हातचं ते असेल, त्याच्याच हाती द्या. आणि थोडं थांबा.