न घेतलेल्या दारूची शपथ

सव्वीस वर्षं उत्तरेश्वरनं नागपूरकडच्या एका खाणीत मँगनीज फोडलं. साहेबांच्या कागदावर त्या दगडाचं नाव पायरोलुसाइट होतं, कामगार नुसता काळा दगड म्हणत. हातात धरला की बोटं काजळी लागल्यागत व्हायची, आणि फोडला की धूळ थेट नाकातोंडात. बरं, छातीत बसली असती तर एक वेळ खोकून निभावलं असतं. ही धूळ डोक्यात गेली. हात थरथरायला लागले, पाय वेडेवाकडे पडायला लागले, आणि चेहरा असा आखडला की हसू आलं तरी ओठांना पत्ता नाही. खाणवाल्यांनी घरी पाठवलं, गडी आपल्या गावी, सोनारीला परत आला.

गावानं बघितलं अन् ठरवून टाकलं, हा लई पितो. अरे बाबांनो, त्या माणसानं उभ्या जन्मात थेंब चाखला नव्हता! पण लोकांच्या तोंडाला कोण लागणार?

आज त्याच्या सोनालीसाठी परांड्याचं स्थळ बोलणी करायला येणार होतं. आधीची तीन स्थळं एकाच गोष्टीवर मोडली होती. बापाला कसला तरी रोग आहे, उद्या पोरीत उतरेल. सोनालीला एकोणतिसावं लागलं होतं. सकाळीच त्याची बायको कस्तुराबाई पुढ्यात येऊन बसली.

"अवो, आज कुणी इचारलं तर पितो म्हणा."

"म्या?"

"पिणारा सासरा चालतोय लोकास्नी. रोगी चालत न्हाय."

"डॉक्टर म्हणले व्हते, धुळीनं झालंय. पोरीला येत न्हाय."

"मागच्या तिघांस्नी तेच सांगितलं की. कुणी ऐकलं?"

तिला रडायचंही त्राण उरलं नव्हतं. उत्तरेश्वरला संतापसुद्धा आला नाही, आणि त्याचंच त्याला वाईट वाटलं.

दुपारी मुलाचे वडील बलभीमराव चार माणसं घेऊन आले. चहा आला. उत्तरेश्वरच्या हातातली कपबशी खडखडली, निम्मा चहा मांडीवर सांडला.

"पाव्हणं, घेता का काय?" बलभीमरावांनी विचारलं.

दाराआड सोनाली उभी होती. तिनं बापाकडं बघून मान हलवली, व्हय म्हणू नका. त्यानं ते बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "घेतो."

"हात्तिच्या! आमाला वाटलं, रोगबिग हाय का काय!" बलभीमराव मोकळं हसले. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. ते उठून देव्हाऱ्यापाशी गेले आणि चिमूटभर कुंकू घेऊन आले. "पण आमच्या घरात आईचं लई कडक असतंय. तुळजाभवानीची शपथ घ्या, आजपासून सोडली म्हणा."

उत्तरेश्वरनं थरथरत्या तळव्यावर कुंकू घेतलं. "आईची शपथ. थेंबाला शिवणार न्हाय."

सुपारी फुटली. तारीख वैशाखातली निघाली. निघताना बलभीमरावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

"चार म्हैन्यांत हात कसा थांबतोय बघा. सगळ्या भावकीदेखत ह्याच हातानं कन्यादान करायचं. आईची शपथ मोडणाऱ्या घरची पोरगी मातर आमच्यात न्हाय चालायची, आधीच सांगतो."

जीप वळणाआड गेली. कस्तुराबाईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

"कन्यादान तुझ्या भावाला करू दे," उत्तरेश्वर म्हणाला.

"आन् तुमी?"

"ह्यो हात काय थांबायचा न्हाय. म्या लग्नाला न्हाय. परगावी गेलाय म्हणून सांग."

कस्तुराबाई भांडायला म्हणून उठली, आणि तशीच परत खाली बसली.